लाकूड, लोखंड आणि दोन नळ्या

माझा मामेभाऊ टेक्सासला असतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या शिकारी रायफलीचं ‘पिलर बेडिंग’ केलं आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो मला पाठवले. शेवटचा फोटो विचित्र होता. घरच्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या मटारांच्या पिशव्यांवर त्याची रायफल आडवी पडली होती. खाली लिहिलं होतं, ‘दादा, अडकली.’

काम तसं समजायला सोपं आहे. रायफलीचा पोलादी भाग लाकडी दस्त्यात बसतो आणि खालून दोन स्क्रूंनी आवळला जातो. पण लाकूड दबतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आज आवळलेला स्क्रू महिन्याभरात सैल पडतो, पोलाद केसभर सरकतं आणि दोनशे पावलांवर गोळी वितभर बाजूला जाते. उपाय असा, की स्क्रूची दोन्ही भोकं मोठी करायची आणि त्यांत ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या दोन जाड नळ्या इपॉक्सीनं कायमच्या बसवायच्या. मग स्क्रू लाकडाला दाबत नाही. वरचं पोलाद, मधली नळी आणि खालची पट्टी, असा धातूवर धातूचा दाब होतो. लाकूड फक्त भोवती असतं.

सगळी मेहनत मापात आहे. नळी जरा आखूड राहिली तर दाब पुन्हा लाकडावर येतो, लांब झाली तर पोलाद अधांतरी राहतं. स्क्रूला चिकटपट्टीचे वेढे देऊन तो नळीच्या बरोबर मधोमध ठेवावा लागतो, म्हणजे काम झाल्यावर तो कडेला घासत नाही. पोलादाखालची खाचही इपॉक्सीनंच भरून काढतात. त्याआधी पोलादाच्या पोकळ्या मातीकामाच्या मेणानं बुजवतात आणि जिथे चिकटायला नको तिथे मेण किंवा बुटाचं पॉलिश चोपडतात. भावानं सगळीकडे चोपडलं, एक कोपरा राहिला. दुसऱ्या दिवशी पोलाद आणि लाकूड एकजीव! थंडीत पोलाद आणि इपॉक्सी सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची ही जुनी युक्ती.

लाकडाच्या या भांडणाची सर्वांत महागडी शिकवण अमेरिकी मरीन सैन्याला व्हिएतनाममध्ये मिळाली. १९६६ मध्ये त्यांनी नेमबाजांसाठी अक्रोडाच्या दस्त्याच्या रायफली नेल्या. तिथल्या दमट हवेत दस्ते वाकले, नळीला टेकले आणि नेम बिघडले. पुढे सत्तरच्या दशकात त्या फायबरग्लासच्या दस्त्यांत बसवल्या गेल्या. पण नळीची कल्पना त्याहून जुनी. जर्मनांच्या १८९८ च्या माउझरमध्ये मागच्या स्क्रूभोवती पोलादाची छोटी नळी होतीच, शिवाय गोळीचा हिसका झेलायला दस्त्यातून आडवा बोल्टही होता. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याला अक्रोड पुरेना, म्हणून त्यांनी देशी मऊ लाकूड घेतलं आणि हिसका बसतो तिथे तांब्याचे तुकडे बसवले.

हे वाचताना माझं लक्ष बंगालमधल्या इशापूरकडे गेलं. तिथे १९०४ पासून रायफलींचा कारखाना आहे. ली-एनफिल्डचा दस्ता पुढच्या भागात चिरतो, म्हणून इशापूरच्या कारागिरांनी त्यातून एक आडवा स्क्रू घातला. जगभरचे संग्राहक आज त्याला ‘इशापूर स्क्रू’ म्हणतात आणि तो दिसला की बंदूक हिंदुस्थानची हे ओळखतात. हातबॉम्ब फेकण्यासाठी राखलेल्या रायफलींच्या दस्त्याला तर त्यांनी तारेचे घट्ट वेढे दिले.

ते वेढे मला नवे वाटले नाहीत. मोगल काळातल्या तोड्याच्या बंदुकीत नळी आणि लाकूड चामड्याच्या वाद्यांनी, तारेनं किंवा धातूच्या पट्ट्यांनीच बांधलेलं असे. खालून स्क्रू नाही. युरोपी लेखकांनी याला मागासलेपण म्हटलं. मला ते पटत नाही. ज्या देशात चार महिने लाकूड ओलं राहतं तिथे ते फुगणार हे गृहीत धरून केलेली ती जोडणी आहे. वेढा सैल पडला तर पुन्हा आवळता येतो, दस्ता चिरला तर नवा बांधता येतो.

अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांबद्दल तपशिलानं लिहिलं आहे. पूर्वी लोखंड ठोकून पातळ करून कडा जुळवत. नव्या रीतीत पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका गुंडाळायचा, कडा एकमेकींवर चढवायच्या आणि भट्टीत तापवून जोडायच्या. अकबराची आवडती बंदूक ‘संग्राम’. चितोडच्या वेढ्यात जयमलवर तिनंच नेम धरला असं दरबारी इतिहास सांगतात. पण मला त्या लिखाणातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. प्रत्येक बंदुकीवर लोखंड कुठून आलं, ती कुठे बनली, तारीख आणि कारागिराचं नाव कोरायचं, असा नियम होता. उस्ताद कबीर आणि हुसेन ही दोन नावं अबुल फजलनं स्वतः नोंदवली आहेत. इशापूरच्या स्क्रूला कारखान्याचं नाव मिळालं, तो सुचलेल्या माणसाचं नाही.

आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. (डुक्कर पडलं की ते शेजारच्या वाडीतल्या लोकांना बोलावत आणि स्वतः विहिरीवर हात धुवायला जात.) भेकर मारायचं असलं तर मात्र नेम अचूक लागायलाच हवा, कारण जीव असेतो बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली नाही तर ते आमच्या घरात शिजत नसे. मृगाआधी ते नळी सोडवून दस्त्याला उंडेल तेल चोळत आणि पट्ट्या नव्यानं आवळत. एका पट्टीखाली त्यांनी पितळेच्या पत्र्याचा एक तुकडा घातला होता. लहानपणी मी विचारलं, हा कशाला? ते म्हणाले, ‘लाकडाला दुखू नये म्हणून.’

भावाची रायफल सकाळी फ्रीझरमधून काढल्यावर लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत सुटली. मी त्याला आजोबांच्या त्या पितळी तुकड्याबद्दल कळवलं. त्याच्या आठवणीत तो तुकडा नव्हता. बंदूक आजोबांच्या पश्चात पोलीस ठाण्यात जमा झाली, तेव्हा तो दीड वर्षाचा होता.