व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड कोण करतं आणि का? राईनपाड्यानंतरच्या संशोधनात काय सापडलं

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याआधी काही दिवस मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फोनवर फिरत होते. त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, पण तिथे पोलिसांनी त्यांना वाचवलं. राईनपाडा खटल्यात २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

साक्री म्हणजे शिंदखेड्याचा शेजारचा तालुका. त्यामुळे इकडे हा विषय निघाला की चर्चा एकाच वाक्यावर येऊन थांबते: “मोबाईलमुळे झालं सगळं.” हे कितपत खरं आहे? त्यावर गेल्या काही वर्षांत बरंच संशोधन झालंय आणि त्याची उत्तरं इतकी सरळ नाहीत.

मेसेज लॉक असतात, मग संशोधन कसं होतं?

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पाठवणारा आणि मिळवणारा सोडून कुणालाच वाचता येत नाहीत, कंपनीलाही नाही. त्यामुळे संशोधकांना आडवाटा शोधाव्या लागतात. एक वाट म्हणजे लिंकवरून कुणालाही जॉइन होता येतील असे ग्रुप. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी भारतातल्या अशा सुमारे ५ हजार राजकीय ग्रुपचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या फोटोंपैकी साधारण १३ टक्के फोटो दिशाभूल करणारे निघाले. त्यात एडिट केलेले फोटोही होते. खरा पण जुना फोटो नव्या घटनेच्या नावाने फिरवणं, हा प्रकार जास्त. मुलं पळवण्याच्या अफवेतही हेच झालं होतं. देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृती मोहिमेचा होता. मुलांची काळजी घ्या, हा संदेश देणारा शेवटचा भाग तेवढा कापून टाकला होता.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे. घरचा, भावकीचा, गल्लीतल्या मंडळाचा ग्रुप त्यात येतच नाही. मामांनी पाठवलेली अहिराणीतली व्हॉइस क्लिप कुठल्या कॉम्प्युटरने पकडायची?

म्हणून दुसरी वाट: लोकांशी बसून बोलणं. बीबीसीने २०१८ मध्ये काही लोकांच्या संमतीने त्यांचे फोनच पाहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांच्या गटाने महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी चर्चा केल्या आणि २०१९ मध्ये अहवाल दिला. (या अभ्यासाला पैसा व्हॉट्सअ‍ॅपनेच दिला होता, हे वाचताना लक्षात असू द्या.)

अडाणीपणा की पूर्वग्रह?

आपल्याकडे समज असा की गावातली, कमी शिकलेली, नवा फोन घेतलेली माणसं अफवा पसरवतात. बानाजी आणि भट यांच्या अभ्यासात उलट चित्र दिसलं. फॉरवर्ड करणारे बरेच जण फोन उत्तम हाताळणारे होते, त्यात पुरुष जास्त, आणि मध्यम किंवा वरच्या जातींतले. मेसेज खरा आहे की नाही यापेक्षा तो आधीच मनात असलेल्या मताशी जुळतो का, हे जास्त महत्त्वाचं ठरत होतं. शिवाय कर्तव्याची भावना. “आपल्या लोकांना सावध केलं पाहिजे” म्हणून माणूस पाठवतो.

हे निष्कर्ष राईनपाड्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तो आदिवासी पट्टा आहे, तिथल्या जमावाचं चित्र वेगळं होतं. पण पूर्वग्रहाचा मुद्दा तिथेही लागू पडतो. मेसेजमध्ये डवरी गोसाव्यांचं नाव असण्याची गरजच नव्हती. गावात परके, भटके, वेगळ्या वेशातले लोक दिसले, एवढं पुरलं. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र तशीच राहिली. फोन नव्हते तेव्हाही पाल ठोकणाऱ्यांकडे गाव संशयानेच बघायचं. फोनने त्या संशयाला वेग दिला.

मग उपाय चालले का?

वेग कमी करणं कंपनीच्या हातात होतं. जुलै २०१८ मध्येच ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का आला आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर झाली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. त्यामुळे असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनी सांगते. आकडा तिचाच आहे, बाहेरून तपासायला मार्ग नाही.

लोकांना शिकवणं मात्र अवघड निघालं. सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये बाराशेहून जास्त लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर, खोटी बातमी कशी ओळखायची ते समजावलं. एकूण परिणाम जवळपास शून्य. थोडक्यात, तहसील कचेरीतल्या एका दिवसाच्या कार्यशाळेकडून फार आशा नको.

पुढे बद्रिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्येच १३ हजारांहून जास्त शाळकरी मुलामुलींसोबत काही आठवडे वर्ग घेतले. या वेळी फरक पडला आणि चार महिन्यांनीही टिकून होता. खरं-खोटं ओळखण्यात या मुलांचे आईवडीलही सुधारले होते, आणि ते तर वर्गात बसलेच नव्हते.