हबलला हिरवा कंदील दाखवणारे हौशी निरीक्षक

मंडळी, मागच्या भागात आपण हबल दुर्बिणीच्या दुरुस्त्यांचा इतिहास पाहिला. आजचा प्रश्न जरा वेगळा आहे. एवढी मोठी दुर्बीण अवकाशात असताना गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीची गरज कुणाला? तर खुद्द हबललाच!

हे समजून घ्यायला हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी हा रूपविकारी तारा घेऊ. 1896 मध्ये हार्वर्ड वेधशाळेत लुइसा वेल्स यांनी तो शोधला. खरं तर ही ताऱ्यांची जोडी आहे. एका ताऱ्यातला वायू दुसऱ्याभोवती, म्हणजे श्वेत बटूभोवती, चकतीसारखा साठत जातो आणि एक दिवस ही चकती भडकते. मग 12 व्या प्रतीचा तारा 8 व्या प्रतीपर्यंत पोहोचतो, म्हणजे जवळजवळ 40 पट तेजस्वी होतो. साधारण सात आठवड्यांनी असं घडतं, पण नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही. रोज पाहत राहायचं, एवढंच आपल्या हाती.

हे रोजचं पाहणं विल्यम टायलर ओल्कॉट यांनी 1911 मध्ये अमेरिकेत संघटित केलं. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संस्था उभी राहिली. रात्र सगळीकडे एकदम नसते, त्यामुळे निरीक्षकही जगभर हवेत. आपल्याकडे अविभाजित बंगालमधल्या जेसोरच्या ट्रेझरीत नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी या संस्थेला 37,000 हून अधिक नोंदी पाठवल्या. 1926 मध्ये संस्थेनं त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली.

पुढे उपग्रह आले. 1977 मध्ये हिओ-1 हा क्ष-किरण उपग्रह सुटला. तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या फ्रान्स कॉर्डोव्हा यांना भडकलेले तारेच हवे होते. हौशी निरीक्षकांनी भडका कळवायचा आणि मग उपग्रह तिकडे वळवायचा, अशी व्यवस्था झाली. एसएस सिग्नीच्या क्ष-किरणांत सुमारे 9 सेकंदांची स्पंदनं सापडली ती यातूनच.

2012-13 मध्ये मागणी नेमकी उलट झाली. बोरिस गेन्झिके यांना हबलच्या अतिनील वर्णपटमापकातून अशा सुमारे 40 जोड्यांमधले श्वेत बटू पाहायचे होते. तारा शांत असेल तरच बटू दिसतो. भडकलेला असेल, तर त्या प्रकाशाच्या माऱ्यानं संवेदकाला इजा होण्याची भीती. हे उपकरण 2009 च्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत बसवलेलं, आणि 2011 मध्ये तर स्पेस शटलच निवृत्त झालेलं. म्हणजे बिघडलं तर वर जाऊन दुरुस्त करणार कोण?

म्हणून निरीक्षकांना आधीच यादी दिली गेली. आदल्या 24 तासांतल्या त्यांच्या नोंदी पाहून हबल वळवायची की नाही, हे ठरे.

इतिहासात आपण नेहमी शोध लागलेल्या रात्री मोजतो. इथे मात्र ‘आज काही घडलं नाही’ ही नोंद लाखमोलाची ठरली. आणि ती भरवशाची होती, कारण तिच्यामागे शंभर वर्षांची रोज पाहण्याची सवय होती.