सैनिकांच्या नोंदी व आपले कर्तव्य

महोत्सवाच्या निमित्ताने धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या जातात, पूर्वजांची नावे वाचली जातात, आणि ज्यांनी श्रद्धेची ही ज्योत आपणांपर्यंत आणून पोहोचविली त्यांच्या आत्म्यांसाठी मिस्साबलिदान अर्पण केले जाते. ही रीत योग्यच आहे. परंतु देशोदेशी असे पुष्कळ लोक होऊन गेले की, ज्यांचे नाव त्यांच्या घरी व गावी सर्वांस ठाऊक असूनही सरकारी दप्तरात ते चुकीचे लिहिले गेले, अथवा मुळीच लिहिले गेले नाही. त्यांत रणांगणावर गेलेल्या शिपायांची संख्या मोठी आहे. त्यांच्या नोंदी कशा चुकल्या, त्या दुरुस्त होण्यास किती काळ लागला, आणि या कामी आपणां सामान्य जनांचा वाटा कोणता, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

पवित्र शास्त्रात 'गणना' नावाचे एक पुस्तक आहे. इस्राएल लोकांतील लढण्याजोग्या पुरुषांची मोजदाद त्यात दिली आहे. पण ती मोजदाद घराण्यांप्रमाणे, एकेकाचे नाव घेऊन करावयाची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माणसे मोजणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे; परंतु नावाविना मोजलेला माणूस हा केवळ आकडा होतो. पवित्र ख्रिस्तसभाही बाप्तिस्म्याच्या वेळी प्रथम नाव विचारते, आणि मग पाणी ओतते.

गंजाडच्या लोकांस नावाचे मोल निराळे सांगावयास नको. आमच्या या भागात पिढ्यान्‌पिढ्या वारली सुवासिनींनी लग्नघरी भिंतीवर चौक लिहिला. त्यांपैकी एकीचेही नाव कोठल्या पुस्तकात नोंदले गेले नाही. पुढे येथल्याच कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही कला जगापुढे गेली, २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि तेव्हापासून चित्राखाली चित्रकाराचे नाव असावे हे सर्वांस पटले. चित्राखाली जर नाव हवे, तर प्राण वेचणाऱ्या शिपायाच्या स्मारकावर ते किती हवे, याचा विचार वाचकांनीच करावा.

महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत चावडीच्या अथवा देवळाच्या भिंतीत बसविलेली संगमरवरी पाटी अजून दृष्टीस पडते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने त्या पाट्या बसविल्या. या गावाहून इतकी माणसे लढाईस गेली व त्यांतील इतकी परत आली नाहीत, एवढाच त्यांवरील मजकूर असतो. संख्या दोन, वर्षे दोन, आणि नाव एकही नाही. जे परत आले नाहीत त्यांची मुलेनातवंडे त्या पाटीखालून रोज ये-जा करीत. परंतु त्या आकड्यातील कोणता एक आपला, हे दाखविण्याची सोय त्यांस नव्हती.

त्या युद्धात १० लाखांहून अधिक हिंदुस्थानी माणसे समुद्रापार गेली. त्यांतील सर्वांत मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढला. १९१५ च्या डिसेंबरात तुर्की सैन्याने कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांच्या सेनेस वेढा घातला. ही सेना सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनची होती, आणि तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवस ते सैन्य अन्नावाचून झुंजले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी त्यास शरण जावे लागले, व सुमारे १३,००० माणसे कैदेत पडली. उन्हातून, वाळवंटातून त्यांस पायी चालविण्यात आले. पुष्कळजण वाटेत, आणि पुष्कळ पुढे कामाच्या छावण्यांत मरण पावले. कोकणातल्या व देशावरल्या किती घरांत त्या साली दिवा लागला नसेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मेसोपोटेमियात पडलेल्या व ज्यांच्या थडग्यांचा पत्ता नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे १९२९ साली उघडण्यात आले. इंग्रज शिपायांची नावे त्यावर एकेक करून कोरली गेली. हिंदुस्थानी पलटणींच्या बाबतीत मात्र केवळ अधिकाऱ्यांची नावे घालून, त्यापुढे आणखी इतके शिपाई, असा आकडा लिहिण्यात आला. हे अज्ञानामुळे झाले म्हणावे, तर फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची व मजुरांची नावे कोरलेली आहेत. युरोपात जे शक्य झाले ते बसऱ्यास अशक्य नव्हते. परंतु युरोपातील स्मारक जगाच्या नजरेपुढे होते, आणि बसऱ्याकडे पाहणारे कोण होते?

ही स्मारके बांधणारे युद्धसमाधी आयोग १९१७ साली स्थापन झाले. प्रत्येक मृतास त्याच्या नावाने स्मरावे, आणि पद, वंश व धर्म यांवरून भेद करू नये, हे त्याचे घोषित तत्त्व होते. तत्त्व उत्तम, आचरण अपुरे. हिंदू व मुसलमान यांस वैयक्तिक स्मारकाचे महत्त्व वाटत नाही, अशी समजूत काही अधिकाऱ्यांनी करून घेतली व तीवर निर्णय उभारले. ज्यांच्याविषयी निर्णय झाले त्यांच्या आईबापांस कोणी विचारले नाही. अखेर शंभर वर्षांनी, २०२१ च्या एप्रिलात, त्याच आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. त्यांत हिंदुस्थान, पूर्व व पश्चिम आफ्रिका, ईजिप्त व सोमालिया येथील माणसे मुख्यत्वे होती. याशिवाय किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांचे स्मरण नावाने, किंवा मुळीच, झाले नाही; त्यांतील बहुतेक आफ्रिका व ईजिप्तमधील होती. या कृत्याच्या मुळाशी त्या काळचे वंशभेदाचे ग्रह होते हे समितीने स्पष्ट लिहिले. २२ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात क्षमा मागितली, आणि आयोगाने नावे शोधून काढण्याचे काम अंगावर घेतले.

येथे एक गोष्ट विसरू नये. ही नावे आज शोधता येतात याचे कारण, कोणीतरी कोठेतरी ती लिहून ठेविली होती. बसऱ्याच्या भिंतीवर जी कोरली गेली नाहीत ती मराठा शिपायांची नावे आयोगाच्या नोंदींत आज वाचावयास मिळतात. त्याचप्रमाणे युद्धानंतर पंजाबात गावोगावच्या शिपायांच्या याद्या करविल्या गेल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिल्या, आणि २०२१ साली त्यांतील काही नावे लोकांस पाहण्यास मोकळी झाली. दगडाने जे नाकारले ते कागदाने राखले.

पदकांच्या बाबतीतही असाच भेद होता. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक १८५६ साली सुरू झाले. परंतु हिंदुस्थानी शिपाई त्यास पात्र ठरला तो १९११ साली. दरम्यानच्या ५५ वर्षांत तो लढला, मेला, पण त्या पदकाच्या नियमांत तो नव्हता. पहिल्या महायुद्धातील सर्वसाधारण सेवापदक लढणाऱ्या शिपायांस चांदीचे मिळाले, आणि मजूर पलटणीतील हिंदुस्थानी माणसांस ब्राँझचे. फ्रान्समध्ये गेलेल्या त्या मजूर पलटणींत छोटानागपूर, संथाळ परगणा व ईशान्येकडील डोंगरांतले आदिवासी बांधव मोठ्या संख्येने होते; त्यांत ख्रिस्ती होते, आणि त्यांच्याबरोबर मिशनरीही गेले होते. खंदक खणणारा व दारूगोळा वाहणारा हात तोफेच्या टप्प्यातच होता. तरी त्याच्या छातीवरचा धातू वेगळा ठरला. आपल्या आदिवासी धर्मग्रामात ही गोष्ट सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी चित्र पुष्कळ बदलले. कुतच्या वेढ्यात सापडलेली ११० वी पलटण १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली होती. तिच्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील सर्वजण ठार अथवा जखमी झाले असता, एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर धाव घेतली व तेथेच देह ठेविला. ते कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरले गेले. २०२३ च्या जुलैत इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावे एक छायाघड्याळ उभारले. बसऱ्यास ज्या पलटणीचे शिपाई केवळ आकडा होऊन राहिले, त्याच पलटणीच्या एका शिपायाचे नाव परक्या मुलखातील गावकऱ्यांनी ७९ वर्षांनी सूर्याच्या सावलीखाली लिहिले. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, हे नगर जिल्ह्यातील निमजचे. त्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी तोच मान मिळविला व ते जिवंत परत आले. परंतु त्यांचेही आडनाव इंग्रजी लेखांत एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले आढळते. मराठी कानास जे एकच, ते इंग्रजी लेखणीस अनेक होते.

कोणी म्हणेल की, एका अक्षराने काय बिघडते? वीराचे काही बिघडत नाही. परंतु त्याच्या विधवेचे बिघडते. सैन्याच्या दप्तरात पत्नीचे नाव 'मारिया', आधारपत्रावर 'मेरी', आणि पतपेढीच्या वहीत 'मरी' असे असले म्हणजे ती एकच बाई असूनही कागदांच्या लेखी तिघी होतात, आणि निवृत्तिवेतन तिघींपैकी एकीसही मिळत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत लॅटिनमध्ये 'पेत्रुस', घरी 'पेद्रू' व शाळेत 'पीटर' असा मुलगा भरतीस गेला, म्हणजे चौथे नाव तेथला कारकून लिहितो. जन्मतारखेचेही तसेच. ज्याच्या पाड्यावर जन्माची नोंद कोणी केली नाही, त्याचे वय भरतीच्या दिवशी अंदाजाने लिहिले जाते, आणि तो अंदाज आयुष्यभर त्याच्या मागे लागतो. अशी माणसे हातात कागदांची पिशवी घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरताना आम्ही पाहिली आहेत.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी येथे सांगणे अवश्य आहे. शिपायाची मूळ नोंद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते: मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावास, महार रेजिमेंटची सागर येथे, बॉम्बे सॅपर्सची खडकीस. दुरुस्तीचा अर्ज तेथे, सेवाक्रमांक घालून, करावयाचा असतो, आणि जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय त्यास साहाय्य करते. रेकॉर्ड ऑफिसने दुरुस्ती मान्य केल्यावर निवृत्तिवेतनाचा सुधारलेला आदेश प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयातून निघतो. विवाह, अपत्यजन्म व मृत्यू यांची नोंद ज्या त्या वेळी करून घ्यावी. वीस वर्षांनी तीच गोष्ट सिद्ध करण्यास वीस कागद लागतात. पदकांविषयीही एक भेद ध्यानात धरावा. शौर्यपदक हे मागून मिळत नाही. परंतु एखाद्या मोहिमेत अथवा ठराविक वर्षे केलेल्या सेवेबद्दलचे पदक हा नियमाने येणारा हक्क आहे. ते नोंदीत नसल्यास अर्ज करण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. अर्ज नाकारला गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ साली झाला, कामकाज २००९ साली सुरू झाले, व त्याचे एक पीठ मुंबईस आहे. अंतिम निर्णयानंतर सामान्यतः सहा महिन्यांच्या आत तेथे जावे लागते. विलंबास सबळ कारण असल्यास त्याचाही विचार होतो.

या कामी धर्मग्रामाची नोंदवही उपयोगी पडते. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सर्व देशास लागू असा कायदा १९६९ साली झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या कित्येक ख्रिस्ती माणसांच्या बाबतीत बाप्तिस्म्याची नोंद हाच जन्माचा सर्वांत जुना लेख असतो, आणि तिचा उतारा पुरावा म्हणून अर्जास जोडता येतो. या वहीची एक शिस्त आहे. तीत खाडाखोड करता येत नाही. मूळ लेख तसाच ठेवून, योग्य अधिकाराने, समासात दुरुस्ती लिहिली जाते. दृढीकरण, विवाह अथवा गुरुदीक्षा यांची नोंदही त्याच समासात येते. जे पूर्वी लिहिले ते पुसावयाचे नाही, आणि जे खरे ते लिहिल्यावाचून राहावयाचे नाही, हा तिचा नियम आहे. सैनिकांच्या दप्तरासही दुसरा नियम आम्हांस सुचत नाही. बसऱ्याची भिंत पाडावी असे कोणी म्हणत नाही. तिच्या समासात नावे लिहिली जावीत, एवढेच मागणे आहे.

तरी सर्व धर्मग्रामस्थांस आमची विनंती आहे की, ज्यांच्या घरातून कोणी सैन्यात गेला असेल, पोलिसांत गेला असेल, अथवा बोटीवर गेला असेल, त्यांनी या महोत्सवाच्या वर्षात त्याचे कागद एकदा बाहेर काढून पाहावेत. सेवापुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश, आधारपत्र व बाप्तिस्म्याचा उतारा हे चार कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख व पत्नीचे नाव ताडून पाहावे. भेद आढळल्यास तो मनुष्य हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावा. ज्यांस लिहिता वाचता येत नाही त्यांचे अर्ज आमच्या तरुण मंडळींनी लिहून द्यावेत. यासारखे दयेचे कृत्य दुसरे थोडे असेल. न्यायाचा परमेश्वर कोणाही माणसास आकड्याने ओळखत नाही. त्याच्या लेकरांनीही एकमेकांस तसे ओळखू नये.