चौसष्ट बाइटांचा नकाशा

१/ मार्च १९८३. आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. सोबतच्या डॉस २.० मध्ये तिची वाटणी करणारा 'एफडिस्क' हा प्रोग्रॅम होता.

२/ वाटणीची नोंद डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, अवघ्या ६४ बाइटांत. प्रत्येक विभागास १६ बाइट. म्हणून मुख्य विभाग चारच!

३/ एफडिस्कमध्ये विभागाचा आकार बदलायचा, तर तो आधी पुसावा लागे आणि त्यातील माहितीही जाई. नव्वदच्या दशकात 'पार्टिशन मॅजिक'ने पडद्यावरील पट्टी ओढून, माहिती न पुसता सीमा सरकवण्याची सोय दिली. २००४ पासून 'जीपार्टेड' हेच काम मुक्त सॉफ्टवेअर म्हणून करते.

४/ सीमा सरकवणे सोपे झाले. त्यामागे होणारे माहितीचे स्थलांतर मात्र आजही जोखमीचेच. मध्येच वीज गेली, तर सारे गमावण्याचे भय. म्हणून आधी बॅकअप, मग वाटणी.