पोर्ट लुईचे बंदर आणि आपण

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचा इतिहास पोर्ट लुईच्या बंदरापासून सुरू होतो. आपले बहुतेक पूर्वज कोकणातून निघाले, मुंबईस जहाजात बसले आणि येथे उतरले. त्यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. परंतु हे बंदर तेव्हा कोणाच्या उपयोगाचे होते आणि आज कोणाच्या उपयोगाचे आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो.

१७३५ नंतर फ्रेंच गव्हर्नर माहे द लाबुर्दोने यांनी या बंदराची उभारणी केली. हिंदुस्थानकडे जाणारी जहाजे येथे अन्नपाणी घेत व दुरुस्ती करून घेत. इंग्रजी अमलात साखर हाच बंदराचा मुख्य माल झाला. गुलामगिरी संपत आली, तेव्हा उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर आणण्यात आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाज आले, आणि १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसे येथे उतरली. त्यांच्यासाठी १८४९ मध्ये धक्क्याजवळ डेपो बांधला; तोच आजचा आप्रवासी घाट. तेथे साधारण दोन दिवस राहून मजूर मळ्यांवर पाठवले जात. धक्क्यावरून साखर बाहेर जाई. माणसे व तांदूळ आत येत. बंदर मळेवाल्यांचे व व्यापाऱ्यांचे होते. मजुराला तेथे मत नव्हते.

साखर जहाजात भरण्याचे कामही हातांनीच होई. पोती पाठीवरून पडावांत, पडावांतून खाडीत नांगरलेल्या जहाजांत. १९३८ साली गोदी कामगारांनी संप केला. सरकारने तो मोडून काढला व कामगार पुढारी एमान्युएल आंकेतिल यांना रॉड्रिग्ज बेटावर पाठवले. १९८० मध्ये साखरेचे मोठे टर्मिनल सुरू झाले. सुटी साखर पट्ट्यांवरून सरळ जहाजात पडू लागली. काम झपाट्याने होऊ लागले, पण पोती वाहणाऱ्या अनेकांची रोजी गेली. बंदराची सुधारणा सर्वांना सारखीच लाभते असे नाही, हे आपण येथे शिकतो.

आज मेर रूज येथे मोठमोठ्या क्रेन कंटेनर उतरवतात. आपले तांदूळ, पीठ, डाळ, औषधे, पेट्रोल, बहुतेक सर्व याच बंदरातून येते. म्हणजे ज्याने कधी धक्का पाहिला नाही, त्या घराची चूलही बंदरावर चालते. रॉड्रिग्जच्या लोकांना तर जहाज म्हणजे बाजार, एसटी आणि नातेवाईक, सर्व काही. कंटेनर अडकला की भाव वाढतात. म्हणून जहाजाला लवकर धक्का मिळणे हा केवळ व्यापाऱ्यांचा प्रश्न नव्हे.

क्रूझ जहाजांसाठी वेगळा धक्का आहे. उन्हाळ्याच्या हंगामात प्रवासी सकाळी उतरतात व संध्याकाळी जातात. त्या थोड्या तासांत टॅक्सीवाले आणि सेंट्रल मार्केटमधील विक्रेते चार पैसे मिळवतात. १९९६ पासून कोदाँ वॉटरफ्रंटमुळे बंदराच्या कडेला नागरिकांनाही फिरायला मोकळी जागा मिळाली. आपली मुले बंदर म्हटले की कोदाँच ओळखतात. तेथून घाट चालत जाण्याइतका जवळ आहे, पण पुष्कळ जण तेथवर जात नाहीत.

हाच घाट आपण जवळजवळ गमावला होता. १९६० च्या दशकात बंदराजवळून मोटारींचा मोठा रस्ता काढताना डेपोचा बराच भाग पाडला गेला. रस्ता आवश्यक होता. पण त्या वेळी घाटाची बाजू मांडणारे फार थोडे होते. पुढे १९८७ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. आता उरले आहे ते जपायचे आहे.

बंदर वाढत राहणार, वाढलेच पाहिजे. माल पाठवणाऱ्याची बाजू त्याचा व्यवसाय मांडतो, प्रवाशाची बाजू पर्यटन कंपन्या मांडतात. येथे राहणाऱ्यांची बाजू आपल्यालाच मांडावी लागेल. त्यासाठी आम्हा शिक्षकांचे पहिले काम म्हणजे मुलांना घाटावर नेणे. दुसरे काम पालकांचे: मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आपल्या पूर्वजांची नोंद शोधणे. पूर्वज क्रमांक घेऊन उतरले होते. त्यांची नातवंडे-पतवंडे आज नागरिक म्हणून या धक्क्यावर उभी राहू शकतात, आणि बंदराविषयी चार शब्द बोलण्याचा त्यांना हक्क आहे.