कुंडीतील टोमॅटो लागवड

कुंडीतील टोमॅटो लागवड ही गच्ची, सज्जा किंवा अंगण अशा मर्यादित जागेत कुंडी, पिशवी अथवा जुन्या डब्यात टोमॅटो (शास्त्रीय नाव : सोलॅनम लायकोपर्सिकम) पिकवण्याची पद्धत आहे. शेतातील झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात दूरवर पसरतात. कुंडीत तशी सोय नसल्याने या लागवडीचे यश मुख्यतः नियमित पाण्यावर अवलंबून असते.

हंगाम
अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील घोडेगाव व आसपासचा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास टोमॅटोची फुले गळतात व फळधारणा घटते. त्यामुळे या भागात सप्टेंबरमध्ये बी पेरून २५ ते ३० दिवसांची रोपे ऑक्टोबरमध्ये कुंडीत लावणे सोयीचे ठरते. फळे साधारणपणे डिसेंबरपासून मिळू लागतात. उन्हाळ्यात सिमेंटची गच्ची तापून मुळांनाही उष्णता पोहोचते. अशा वेळी कुंड्या विटांवर ठेवून वर शेडनेट लावतात.

वाण
मर्यादित वाढीचे, झुडूपवजा वाण कुंडीसाठी योग्य असतात. अमर्यादित वाढीच्या वाणांना उंच आधार लागतो व त्यांच्या बगलफुटी काढाव्या लागतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘धनश्री’ व ‘भाग्यश्री’ हे टोमॅटोचे वाण विकसित केले आहेत.

कुंडी व माती
एका झाडासाठी १५ ते २० लिटरची, तळाला छिद्रे असलेली कुंडी वापरतात. परिसरातील काळी माती शेतात कसदार असली, तरी नुसती कुंडीत भरल्यास पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर भेगाळते. म्हणून माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सम प्रमाणात मिसळतात. भिजलेल्या कुंडीचे वजन वीस किलोच्या पुढे जाऊ शकते. त्यामुळे गच्चीवर कुंड्या एकाच ठिकाणी न रचता तुळईच्या रेषेत ठेवतात.

निगा
झाडाला रोज किमान सहा तास ऊन लागते. बोट खुपसून वरचा थर कोरडा लागल्यास पाणी देतात. उसाच्या पाचटाचे आच्छादन केल्यास ओलावा टिकतो. टोमॅटोत स्वपरागीभवन होते. बंदिस्त सज्जात वारा व कीटक कमी असल्यास सकाळी फुलांचे घोस हलके हलवतात.

रोग व कीड
पाणी कधी कमी, कधी जास्त झाल्यास फळांना कॅल्शियम पुरेसे मिळत नाही आणि त्यांच्या तळाशी काळा, खोलगट डाग पडतो. हा रोगजंतूंमुळे होणारा विकार नसल्याने त्यावर बुरशीनाशक उपयोगी पडत नाही. पांढरी माशी पाने आकसवणारा विषाणू पसरवते. तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे व निंबोळी अर्क वापरतात. विषाणूग्रस्त झाड उपटून नष्ट करतात. पावसाळ्यात करपा वाढतो.

मर्यादा
जुलै २०२३ मध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला १०० रुपयांच्या पुढे गेला होता. तथापि पावसाळ्यातील अशा भाववाढीच्या काळातच कुंडीतील झाडांवरही रोगांचा धोका अधिक असतो. त्यामुळे ही लागवड घरच्या गरजेला पूरक ठरते. बाजाराला पर्याय ठरत नाही.