पुणतांब्याचा सूर आणि पोर्तो रिकोची उसनवारी

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या बैठकीत एकदा एक लहानसा खटला चालला. नववीच्या मुलींनी ‘डेस्पासितो’ या २०१७ साली जगभर गाजलेल्या स्पॅनिश गाण्यावर नाच बसवला होता. बैठकीतील ज्येष्ठांनी मान हलवली. “शब्द कळत नाहीत, आपल्या मातीशी संबंध नाही. त्यापेक्षा एखादे जुने, आपले गाणे घ्या!” आणि लगेच नावही सुचवले: १९५० सालच्या ‘समाधि’ चित्रपटातले ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझेही मत होते, आणि तेच मला अजून टोचते.

व्हरांड्यात एका मुलीने मला गाठले. “सर, आमचं गाणं परकं आणि हे आपलं, ते कसं?” मी घंटेकडे बोट दाखवून वेळ मारून नेली. तिचे उत्तर आज, जरा उशिराच, देतो आहे.

‘गोरे गोरे’ आपले आहे, यात शंका नाही. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांब्याला झाला. गोदावरीच्या काठचे, चांगदेवांच्या समाधीचे हे गाव आपल्या अहिल्यानगर (त्या वेळच्या अहमदनगर) जिल्ह्यातलेच. संगीताचे शिक्षण त्यांनी विनायकबुवा पटवर्धनांसारख्या गुरूंकडे घेतले. पुढे सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते हार्मोनियमच्या साथीला बसले. इतका देशी पाया क्वचितच कोणाचा असेल!

पण चाल? त्या चालीचे मूळ गाणे ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’. ‘डॉल फेस’ या १९४५ सालच्या अमेरिकन चित्रपटात ते कार्मेन मिरांडाने गायिले, आणि एडमुंडो रॉसच्या वाद्यवृंदानेही ते लोकप्रिय केले. आता गंमत पाहा. ‘डेस्पासितो’ गाणारे लुईस फोन्सी आणि डॅडी यँकी हे दोघे पोर्तो रिकोचेच! आमच्या बैठकीने पोर्तो रिकोला पुढच्या दाराने हाकलले आणि मागच्या दारी त्याच्या स्वागताला रांगोळी काढली.

बरे, ते मूळ गाणे तरी अस्सल पोर्तो रिकोचे होते का? तेही नाही. जिमी मॅकह्यू आणि हॅरल्ड ॲडमसन या दोन अमेरिकनांनी ते रचले. गाणारी मिरांडा जन्माने पोर्तुगीज आणि वाढली ब्राझीलमध्ये. रॉसचा जन्म त्रिनिदादचा, आणि त्याचा वाद्यवृंद लंडनचा. उसनवारीची ही साखळी मोजू लागलो तर सातबारा कोणाच्या नावे निघेल, हे कोणताही तलाठी सांगू शकणार नाही.

या सुरांच्या मागे मात्र एक फार जुनी आणि फार दुःखाची गोष्ट आहे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना क्यूबातील उसाच्या मळ्यांत राबवले जाई. तिथली गुलामगिरी १८८६ साली संपली. त्या माणसांजवळ स्वतःचे म्हणावे असे काही उरले नव्हते, पण हातातला ठेका कोणाला काढून घेता आला नाही. त्या ठेक्यांना स्पॅनिश चालींची जोड मिळाली आणि त्यातून सोन आणि रुम्बा जन्मले. भुईमूग विकणाऱ्याच्या हाळीवर मोइसेस सिमोन्स याने रचलेले ‘एल मनिसेरो’ हे गाणे १९३० साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि हा ठेका जगभर गेला. आपल्या आठवडे-बाजारातही अशा हाळ्या घुमतात; त्यांना सिमोन्स भेटला नाही, एवढेच!

फराळ झाल्यावर मुलांना जवळ बसवून एक खेळ करून पाहा. एक ते सोळा अंक एकसारख्या गतीने मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या व तेराव्या अंकाला ताटलीवर चमचा वाजवा. हा क्यूबन संगीताचा कणा. त्याला क्लावे म्हणतात. आता आपला सोळा मात्रांचा त्रिताल घ्या. त्याच्या टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला. म्हणजे समेवर आणि तेराव्या मात्रेवर हवाना आणि आपण एकमेकांना टाळी देतो!

पुणतांब्याच्या मुलाला परक्या ठेक्याशी गट्टी जमवणे जड गेले नाही, यात म्हणून नवल वाटत नाही. मदतीला गोव्याचे वादक होते. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईत ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजलेला ट्रम्पेटवादक, त्यांचा सहायक होता. १९५१ च्या ‘अलबेला’तील ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एकत्र नांदतात. आपण भगवानदादांच्या पावलांवर पाऊल टाकून नाचलो, पण त्या पावलांना ताल देणाऱ्या गोवेकरांची नावे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत?

आमच्या बैठकीसारखी एक बैठक देशातही भरली होती म्हणायची. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. रेडिओची खुंटी सिलोनकडे फिरवली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली.

उसने घेणे हा गुन्हा नव्हे. आपल्या घरी शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात, पण ती वाटी रिकामी परत करीत नाहीत, आणि साखर कोणाची हे विसरत नाहीत. सी. रामचंद्रांनी वाटी रिकामी ठेवली नाही. ‘अनारकली’च्या चाली त्यांच्याच, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायिलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चालही त्यांचीच. पोर्तो रिकोची चाल उसनी घेणाऱ्याच्याच सुरांनी देशाच्या डोळ्यांत पाणी आणले. विसरलो ते आपण, ऐकणारे. साखर कोणाची, हे आपण कधी विचारलेच नाही.

ज्या १९५० साली ‘गोरे गोरे’ आले, त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. उसाच्या मळ्यांत जन्मलेला सूर उसाच्या जिल्ह्यात वाजू लागला. आमच्या नववीच्या त्या वर्गात ऊसतोडणी कामगारांच्या मुली होत्या, आणि प्रश्न विचारणारी त्यांच्यातलीच एक.

बाळ, तुझे गाणे परके नव्हते. ते त्या दिवशीच बैठकीत उठून सांगायचे होते, आणि ते माझ्याच्याने झाले नाही. यंदाच्या संमेलनाच्या बैठकीत सांगणार आहे.